एका घरात दोन मोड मॅनेजर

३ जानेवारी २००७

सुनेनं माझी खुंटी घेतली. स्वयंपाकघराच्या दारातली, जिच्यावर मी भिजल्या मटकीचं गाठोडं टांगतो ती. तिथनं आता कॉम्प्युटरची काळी वायर गेलीया. विचारलं न्हाय, सांगितलं न्हाय. क्लासवरनं आली, हातोडी घेतली, ठोकलं. वर मलाच म्हणाली, आत्या, गाठोडं बाथरूमच्या दाराला बांधा. मिसळीची मटकी बाथरूमच्या दाराला. गिऱ्हाइकाला कळलं तर माझं नाव राहील काय?

हे लिहून झालं. आता जयभीम.

मी शालन, धोंडीरामची बायको. ते गेले त्याला लई वर्षं झाली. माहेर नेसरी, राहणार राजेंद्रनगर, कोल्हापूर. शाळा चौथीपर्यंत, ती बी पुरी न्हाय. मिसळीच्या गाड्यांना मोड आलेली मटकी देतो. 'देतो' वाचून कुणी हसू नये. आमच्याकडं बायका बी आलो-गेलोच म्हणत्यात. सून तेवढी 'आले-गेले' करती, शिकलेली हाय म्हणून.

ही डायरी तिनंच दिली. ती कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवती, त्यांची वाटायची डायरी. प्रत्येक पानाखाली क्लासचा फोन नंबर छापलाय, म्हणजे मी काय बी लिहिलं तरी खाली जाहिरात त्यांचीच. देताना म्हणाली, "आत्या, दिवसभर ह्यांना जे बोलता ना, त्यातलं निम्मं ह्यात लिहा." ह्यांना म्हणजे माझ्या मुलाला. तोंड बंद करायची ही शिकल्या लोकांची रीत. पण डायरी गुळगुळीत हाय, टाकवत न्हाय.

७ जानेवारी

मुलाचं लिहायला बसलो आणि नुसतं पेन चावलं. आता लिहितो, पुन्हा लिहिणार न्हाय.

प्रसेनजीत. मी पश्या म्हणतो. एस.टी.चा ड्रायव्हर. ऑगस्टात पहाटेची गाडी घेऊन आजऱ्याच्या पुढं आंबोलीकडं चालला होता. धुकं होतं. वळणावर एक मोटारसायकलवाला आपली बाजू सोडून समोर आला. तो जागीच गेला. केरबा कंडक्टर त्याच गाडीत होता, त्यानंच घरी येऊन सगळं सांगितलं. पश्यानं आजवर सांगितलेलं न्हाय. चौकशी झाली, ड्रायव्हरची चूक न्हाय असं लिहून आलं. तो कागद बी त्यानं वाचला न्हाय, सुनेनं, संघप्रियानं वाचला.

तेव्हापासनं घरात बसलाय. जेवतो, आंघोळ करतो, पोरीची वेणी घालतो. बोलत न्हाय. आधी एवढं बोलायचा की मी म्हणायचो, लेका, घसा एस.टी.ला दे, हॉर्न म्हणून लावतील.

१४ जानेवारी

कॉम्प्युटर आणलाय तो क्लासातला जुना. त्यावर गाडी चालवायचा एक खेळ हाय. अमेरिकेचा. मोठमोठे ट्रक, सरळ रस्ते, माणूस औषधाला न्हाय. आमची नात दीप्ती आठ वर्षांची, ती खेळत होती. पश्या पाणी प्यायला उठला आणि तिच्या खुर्चीमागं उभा राहिला. तांब्या हातात तसाच. पोरगी चुकीच्या गिअरात चढ चढवत होती, तर ह्याचा डावा पाय हालला. जमिनीवरच. क्लच दाबल्यागत.

मला काय विशेष वाटलं न्हाय. संघप्रियानं मात्र भाकरी तव्यावर करपवली.

२१ जानेवारी

सुनेला खूळ लागलंय. अमेरिकेच्या खेळात म्हणे आपली लाल गाडी घालणार. जगात लोक असल्या वस्तू बनवतात आणि इंटरनेटवर ठेवतात. कुणी गाडी बनवतो, कुणी रस्ता, कुणी नुसता हॉर्न. त्याला ती मॉड म्हणती, तोंड वासून. मी मोडच म्हणणार. मूळ खेळाला मोड फुटल्यागतच ते हाय, मग नाव बदलायचं कशाला?

तर तिनं हातानंच लाल गाडी घातली. सुरू केल्यावर चाकं रस्त्यावर आणि गाडी वर आभाळात. चाकं पुढं गेली, गाडी मागं राहिली. पश्या दारात उभा होता. त्याच्या नाकातनं हवा गेली. हसला असं मी म्हणणार न्हाय. पण हवा गेली.

मी म्हणालो, बत्तीस वर्षांच्या बाप्याला खेळणं देऊन तू काय मिळवणार? ती म्हणाली, डायरीत लिहा. लिहिलं.

४ फेब्रुवारी

आज घरात भांडण होता होता राहिलं. संघप्रिया खुशीत येऊन म्हणाली, आत्या, मी मोड मॅनेजर लावला. मी म्हणालो, ह्या घरात एक मोड मॅनेजर वीस वर्षं बसलाय, दुसरा कुणाला विचारून आणलास?

मग तिनं शेजारी बसवून दाखवलं. एका बाजूला यादी. प्रत्येक नावापुढं चौकोन. चौकोनात टिक केली की तो मोड खेळात बसतो, टिक काढली की उठून बाहेर येतो. मूळ खेळाला ओरखडा येत न्हाय. आधी ती हातानं घालायची त्यात एकाची वस्तू दुसऱ्याच्या वस्तूवर पडायची, म्हणून चाकं एकीकडं आणि गाडी एकीकडं. आता कुणी कुणाच्या आधी बसायचं ते हा मॅनेजर बघतो. दोघांचं भांडण लागलं तर यादीत जो शेवटी, त्याचं चालतं.

मी म्हणालो, मग मिसळच की ही. तळाला मोडाची उसळ, त्यावर फरसाण, त्यावर तिखट रश्श्याचा कट, सगळ्यात शेवटी कांदा. आधी कांदा टाकून वर उसळ ओतली तर गिऱ्हाईक ताट तोंडावर मारंल. ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, क्लासातल्या पोरांना समजवायला मला आठवडा लागला असता.

मी विचारलं, हा मॅनेजर कुणी बनवला? म्हणाली, परदेशात कोण तरी माणूस हाय, खरं नाव बी ठाऊक न्हाय. फुकट देतो. फुकट कशाला? ती म्हणाली, त्याला पण चाकं आणि गाडी एकत्र आणायची असतील. त्या माणसाच्या घरी माझी मटकी पोचवायची सोय असती तर पाठवली असती. बाकी आपल्याकडं द्यायला काय हाय.

२५ फेब्रुवारी

आता खरं दिसतंय. लाल गाडी. वाहतूक डावीकडनं, कारण अमेरिकेत म्हणे सगळे उजवीकडनं चालवत्यात, त्याला वेगळा मोड. रस्त्यावर उसाच्या गाड्या. रस्ता मात्र कुणाचा न मिळाल्यानं संघप्रियानं स्वतः बनवला, कोल्हापूर ते आंबोली. क्लास सुटल्यावर बसती. एका रविवारी केरबाला घेऊन मोटारसायकलनं आंबोलीपर्यंत जाऊन सगळ्या पाट्यांचे फोटो काढून आली. मला म्हणाली होती माहेरी वारणानगरला चालले. मी विचारलं न्हाय की आईनं काय दिलं डब्यात.

पश्या रोज संध्याकाळी बसतो. कुणी बस म्हटलं न्हाय, आपणच बसला. कागल, निपाणी, उत्तूर, आजरा. आजऱ्याच्या स्टँडात गाडी लावतो. आणि तिथनंच परत फिरवतो. पुढचा रस्ता बनवलाय, दिसतोय, तरी हा फिरवतो.

आज मला राहवलं न्हाय. म्हणालो, अर्ध्यात काय फिरतोस? एवढं राबून बायकोनं आंबोलीपर्यंत रस्ता केला, पुढं जायचा बी कंटाळा? त्यानं मशीन बंद केलं. संघप्रियानं माझ्या हातात आणून पेन ठेवलं. म्हणून लिहितोय. खरं तर मला कंटाळाच वाटतो तो.

१७ मार्च

ऑफिसातनं कागद आला. एकवीस मेला ड्रायव्हिंगची चाचणी. त्या दिवशी स्टेअरिंगवर बसला तर ड्रायव्हर. न्हाय तर कायमचं डेपोच्या आत, तिकिटाच्या खिडकीमागचं काम. ते बी बरंच हाय, उपाशी कुणी मरत न्हाय. संघप्रिया तसंच म्हणाली, आत्या, खिडकीमागं बसले तरी माझी काय तक्रार नाही.

माझी हाय. हा पोरगा चौथीत असताना ताटली हातात घेऊन घरभर वळणं घ्यायचा. खिडकीमागं बसवला तर तो तिथं बसंल, जेवंल, घरी येईल, पोरीची वेणी घालंल. आता करतोय तेच कायमचं करंल. हे मी त्याला बोललो न्हाय. डायरीचा एवढा उपयोग झाला म्हणायचा.

१४ एप्रिल

जयंती. दीप्तीला पांढरा फ्रॉक, मी पांढरं लुगडं, संघप्रियाची पांढरी साडी. मिरवणुकीत डॉल्बी एवढा की छाती हालती. पश्या येतो म्हणाला न्हाय, येत न्हाय बी म्हणाला न्हाय. कोपऱ्यापर्यंत आला, पुतळ्याकडं बघून हात जोडले आणि घराकडं वळला. मी मागं बघितलं तर चालत होता, पळत नव्हता. एवढं चांगलं.

मिरवणुकीत केरबा भेटला. म्हणाला, मावशी, डेपोत सगळे विचारत्यात त्याला. मी म्हणालो, विचारू देत, विचारायला पैसे पडत न्हाईत.

संघप्रियाला एक विचारायचं होतं ते आज विचारलं. तिच्या त्या यादीत सगळ्या चौकोनांना टिक असती. सगळ्यात खाली एक नाव हाय, इंग्लिश, अक्षरं तीनच. त्याला कधी टिक नसती. मी म्हणालो, बिघडलाय का तो मोड? तर म्हणाली, नाही, चांगला आहे, पण आता नको. मग ठेवलाय कशाला? तिनं यादी बंद केली. ही बाई वस्तू बनवून न वापरता ठेवती. मी असतो तर जागा मोकळी केली असती.

२७ एप्रिल

आज माझ्या हातनं झालं ते लिहितो.

संघप्रिया क्लासच्या शिबिराला वारणानगरला गेलीया, तीन दिवस. मशीन जड चालतंय म्हणून तिनं कॉम्प्युटरच्या दुकानातल्या आकारामला सांगून ठेवलं होतं, सोमवारी ये, मी आल्यावर. तो आला आज. पश्या दीप्तीला घेऊन दळण आणायला गेलेला. मी मटकीचं गाठोडं सोडून बसलेलो. म्हणालो, पावणं, या, बसा, चहा घेणार काय. भला माणूस. घाम पुसत कामाला बसला.

थोड्या वेळानं म्हणाला, "आजी, ह्यात मोड लई हायत. सगळे काढू काय?"

आता माझ्या समोर परात, परातीत मटकी, मटकीला बोटाएवढे मोड. आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ एकच बोलणं, मोड काढले काय, मोड चांगले काढ. मोड काढायचे म्हणजे मोड आणायचे. मला वाटलं, मशीनच्या आत मोड दबून बसलेत, हा ते वर काढणार. म्हणून म्हणालो, "काढा की. सगळे काढा. अर्धवट काढलेले मोड आमच्याकडं कोण घेत न्हाय."

त्यानं काढले. माझ्याच चहाचा कप हातात धरून काढले. चाललं, मशीन हलकं झालं, म्हणाला आणि गेला. त्याची काडीची चूक न्हाय. तो त्याची भाषा बोलला, मी माझी.

पश्या संध्याकाळी बसला. लाल गाडी न्हाय. आजरा न्हाय. उजवीकडनं चालणारी अमेरिका. मला वाटलं ओरडंल. त्यानं खुर्ची आत सरकवली, नीट, पाव्हण्याच्या घरी सरकवतात तशी, आणि जाऊन भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. जेवला न्हाय.

२८ एप्रिल

आज बी भिंतीकडंच. दीप्ती वेणी घालून घ्यायला गेली तर म्हणाला, आजीकडनं घे.

दुपारी संघप्रियाचा फोन. आकाराम कालच येऊन गेला एवढं मी सांगितलं, तोच तिनं तिकडनं घाईघाईनं विचारलं, आत्या, आकारामनं मोड तर नाही ना काढले? मी म्हणालो, काढलेत की. लांब काढलेत, बोटाएवढे. ती म्हणाली, कशाचे? मी म्हणालो, मटकीचे.  गाठोडं हातात होतं, जीभ सवयीनं कालच्यासारखीच पुन्हा घसरली, मग मी तिला सगळं सांगितलं. 

मी म्हणालो, शिव्या दे. ती म्हणाली, आत्या, काय गेलं नाही. फक्त टिका गेल्या. मॅनेजर सगळे मोड आपल्यापाशी वेगळे ठेवतो, त्याला काढायला सांगितलं तरी तो टाकून देत नाही. टिका परत लावा, सगळं परत येईल. ह्यांना फोन द्या.

ह्यांनी फोन घेतला न्हाय. कानाशी नेला तर मान फिरवली.

मी सुनेला म्हणालो, मी करतो. ती म्हणाली, नावं इंग्लिश आहेत, ती त्यांना वाचू द्या. क्रम तुम्हाला येतो.

एवढा भरवसा माझ्यावर माझ्या आईनं बी कधी ठेवला नव्हता.

२९ एप्रिल

सकाळी मी त्याच्या गादीपाशी जाऊन उभा राहिलो. डोक्यात खूप होतं बोलायला, चार महिने डायरीत लिहून साठवलेलं. ते सोडलं. म्हणालो, "पश्या, मी मोडलंय. मला इंग्लिश येत न्हाय. उठ आणि वाच. रागवायचं ते मग रागव."

उठला. मला वाटलं न्हाय उठंल म्हणून.

लाईट जायच्या आत करायचं होतं. तो खुर्चीवर, मी स्टुलावर. त्यानं वाचलं, आजरा रोड. मी म्हणालो, आधी ते, ती उसळ. लेफ्ट साईड. त्यावर ते, फरसाण. रेड बस. आता कट ओत. मग हॉर्नचा आवाज निघाला, मी म्हणालो, तो कांदा, शेवटी टाक. त्यानं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "आई, तू काय बोलायलीस?" आठ महिन्यांत त्यानं मला विचारलेला पहिला प्रश्न. मी म्हणालो, मिसळ बोलायलोय, तू हात चालव.

मग तो थांबला. एक राहिलं होतं. तीन अक्षरांचं. मी म्हणालो, ते तसंच ठेव, संघप्रिया त्याला कधी टिक लावत न्हाय.

तो म्हणाला, "हे तिनंच बनवलंय. तिचं नाव हाय ह्याच्यावर."

मी म्हणालो, असंल. तिची वस्तू, तिला विचारून लाव.

त्यानं विचारलं न्हाय. टिक केली.

गाडी काढली. उत्तूर गेलं, आजरा आलं. स्टँडात लावली न्हाय, पुढं गेला. जरा वेळानं काच पांढरी व्हायला लागली. आधी कडेनं, मग सगळीच. मला वाटलं मशीन गेलं. आकारामनं काय तरी केलं, न्हाय तर मीच. पदर घेऊन पुसायला उठलो तर पश्या म्हणाला, "आई, राहू दे. धुकं हाय."

मग मी खाली बसलो.

तो लई हळू चालवत होता. मशीन हळू हाय म्हणून न्हाय. प्रत्येक वळणाला हॉर्न. त्याच्या मानेवर घाम आलेला मी बघत होतो, पुसला न्हाय. एका वळणावर त्यानं गाडी थांबवली आणि नुसता बसला. पंखा फिरत होता, मटकीच्या गाठोड्यातनं पाणी टपकत होतं, बाकी काय न्हाय. मला बोलायची केवढी सवय. मी जीभ दातात धरली, अक्षरशः. मग त्यानं गिअर टाकला आणि वळण घेतलं. पलीकडं कुणी नव्हतं. आंबोली आली. त्यानं इंजिन बंद केलं आणि म्हणाला, चहा टाक.

मी टाकला. साखर दोनदा पडली. तो प्यायला.

३० एप्रिल

संघप्रिया आली. खांद्यावरची पिशवी बी काढली न्हाय, तशीच मशीनपाशी गेली, यादी उघडली. सगळ्यात खालच्या चौकोनात टिक बघितली आणि मटकन खाली बसली. रडायला लागली. मी म्हणालो, अगं, क्रम बरोबर हाय, मी स्वतः लावून घेतलाय, रडायला काय झालं? तर आणखीच रडली. पश्या तिथंच उभा. त्यानं तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि म्हणाला, उत्तूरचा फाटा चुकलाय तुझा, पाटी अलीकडं पाहिजे.

नवराबायकोत मी बोलत न्हाय. परात घेऊन बाहेर बसलो.

२ मे

बुद्धपौर्णिमा. खीर केली. विहारात जाऊन आलो. तिथं डोळे मिटून बसायचं असतं. माझ्या डोक्यात मात्र ही यादी चालली, म्हणून घरी येऊन लिहून काढतो.

ह्या बाईनं फेब्रुवारीतच, रस्त्याबरोबरच, ते धुकं बनवलं. बनवून टिक न लावता ठेवलं. दोन महिने रोज रस्ता उघडून दिला, आजऱ्यापर्यंत तर आजऱ्यापर्यंत. 'पुढं जा' कधी म्हणाली न्हाय. ते मी म्हणालो. मला वाटलं वस्तू बनवून न वापरता ठेवती, जागा अडवती. माझ्या खुंटीचा राग मी अजून सोडलेला नव्हता.

तिला हे बोलून दाखवायला मला जमणार न्हाय. तोंडातनं भलतंच येईल. आज तिच्या ताटात खीर जास्त वाढली, ती म्हणाली, आत्या, एवढी नको. मी म्हणालो, गप खा. ह्यापलीकडं मला येत न्हाय. आणि त्या परदेशातल्या मॅनेजरवाल्याला बी जयभीम. काढ म्हटल्यावर त्यानं टाकून दिलं असतं तर आज खीर कुणाच्या घशाखाली उतरली नसती.

२१ मे

चाचणी झाली. केरबा संगं होता. पश्या घरी आला, चप्पल काढली, म्हणाला, झालं. पास का नापास ते सांग की. तर म्हणाला, सोमवारपासनं गडहिंग्लजची गाडी. आणि दीप्तीला हाक मारून कंगवा मागितला.

मी मटकी भिजत घातली. रोजच्यापेक्षा जास्त पडली. उद्या गल्लीत वाटतो.

३ जून

आंबोलीच्या रस्त्यावरची ड्युटी अजून त्यानं मागितली न्हाय. मी विचारत न्हाय. मशीनवर मात्र रोज जाऊन येतो.

आज रविवार. तो संघप्रियाला म्हणाला, त्या वळणावर एक पाटी लाव, हॉर्न वाजवा म्हणून. ती म्हणाली, खऱ्या रस्त्यावर तिथं नाही, मी फोटो काढलेत. तो म्हणाला, लाव. तिनं लावली. मराठीत. मग दोघांनी मिळून तो सगळा मोड इंटरनेटवर ठेवला, फुकट. कुणी बी घ्यावा, आपल्या मॅनेजरात घालावा, टिक करावी. संघप्रियानं नाव विचारलं, बनवणाऱ्याचं नाव कुणाचं घालू? पश्या म्हणाला, तुझं. ती म्हणाली, दोघांचं घालते. मी म्हणालो, क्रम मी लावलाय, पण माझं घालू नका, मिसळवाल्यांना वाटेल धंदा बदलला.

पहिल्यांदाच तिघं एकदम हसलो. हे हसणं लिहायला हरकत न्हाय.

१७ जून

लोकांनी घेतलाय म्हणे तो मोड. पुण्याच्या पोरानं घेतला, नागपूरच्यानं घेतला, कुठल्या तरी देशातला ट्रकवाला हाय, त्यानं बी. आज त्या ट्रकवाल्यानं तिथं लिहून विचारलंय. संघप्रियानं वाचून मराठीत सांगितलं. तो म्हणतो, गाडी छान हाय, रस्ता छान हाय, धुक्यात तर मला माझ्या गावच्या डोंगरात असल्यागत वाटलं. एकच विचारायचंय. अख्ख्या घाटात एवढी वळणं, मग पाटी एकाच वळणावर का? तिथं काय झालं होतं काय?

 पश्या ड्युटीवरनं नुकताच आलेला, खाकी शर्टाची बटणं सोडत होता, ती सोडायचा थांबला.

संघप्रियानं की-बोर्ड ओढला. म्हणाली, मी लिहून टाकते काहीतरी, सुंदर दिसावी म्हणून लावली असं.

मी म्हणालो, ठेव तो खाली.

ती म्हणाली, आत्या, तो माणूस वाट बघतोय.

बघू दे. ट्रक चालवतो ना, त्याला थांबायची सवय असंल. आणि ट्रकवाल्याला खोटं सांगायचं न्हाय. म्हणून इथं लिहून ठेवतो, आणि दोघांना वाचून बी दाखवणार हाय, कुणी पुन्हा मला तुमचं बोलणं कळालं न्हाय म्हणू नये. त्या माणसाला उत्तर संघप्रियानं द्यायचं न्हाय. केरबाला बोलवून विचारायचं न्हाय. मी तर द्यायचंच न्हाय. उत्तर पश्यानं द्यायचं. मराठीत सांगू दे, अडखळत सांगू दे, उद्या सांगू दे. सून नुसतं इंग्लिश करंल, शब्द एक बी बदलायचा न्हाय.